गुरुजींचा उपसागर

कोनटाकळीत दोन भावांची बांधावरून जुंपली, की ते पटवाऱ्याकडे नंतर जात, आधी पंजाबराव गुरुजींकडे येत. गुरुजी ओट्यावर बसून दोघांचं ऐकून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बांध बाभळीच्या अलीकडून जाते. बाभूळ तुई नाई, त्याची." झालं. उठून कुणी बाभूळ पाहायला जात नसे. गुरुजी म्हणाले ना, मग पाहायचं काय त्यात! डोणगावच्या बाजारापर्यंत ही कीर्ती गेली होती. गुरुजी एक वेळ जेवणाशिवाय राहिले असते, या कीर्तीशिवाय राहिले नसते.

ती त्यांनी कमावलेली होती, यात वाद नाही. प्राथमिक शाळेत तिसरीला भूगोल शिकवता शिकवता बावीस वर्षांत त्यांनी सगळं गाव पायाखाली घातलं होतं. दर रविवारी हातात गाठी मारलेली दोरी, खिशात वही, आणि डोक्याला उपरणं. दरवर्षी शाळेच्या भिंतीवर ते गावाचा नकाशा नव्याने काढायचे. वाटा गेरूच्या, बांध काजळीचे, नाला निळीचा. कपड्यांना घालायची नीळ त्यांच्या घरात नकाशालाच जास्त लागे. त्यांची बायको पुष्पाबाई म्हणायची, "माह्या लुगड्याले नीळ नाई, आन तुमच्या नाल्याले हाय." गुरुजी हसायचे. ते हसण्याचे दिवस होते.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली आणि गावात दोन नव्या गोष्टी आल्या. एक तलाव आणि एक हायस्कूल. तलाव गावाच्या उत्तरेला, दोन टेकड्यांच्या मध्ये बांध घालून केला होता आणि त्या पावसाळ्यात तो पहिल्यांदा भरला. हायस्कूलला इमारत नव्हती, म्हणून प्राथमिक शाळेचीच अर्धी खोली तट्ट्याचा आडोसा घालून त्याला दिली होती. आणि हायस्कुलाबरोबर निजाम मास्तर आले.

तलावाबद्दल गुरुजींची काही तक्रार नव्हती.

निजाम मास्तर रोहिणखेडचे. वय सव्वीस-सत्तावीस, शिक्षण बी.ए., बी.टी., पांढरा पायजमा, आणि बोलणं असं की समोरचा पोरगा झोपेतून उठून बसावा. ते मुसलमान होते याचं गुरुजींना काही नव्हतं. त्यांचा स्वतःचा जिवलग दोस्त शकूर शिंपी होता, आणि दोघं रोज संध्याकाळी एकाच चिलमीवर गावाची उणीदुणी काढत. गुरुजींना खुपत होतं ते वेगळंच. निजाम मास्तरांना नकाशे काढता येत होते.

नुसते येत नव्हते. एक दिवस गुरुजींनी तट्ट्याच्या फटीतून पाहिलं. मास्तरांनी खडू फळ्याला टेकवला आणि हात न उचलता, एका दमात, सगळा ऑस्ट्रेलिया काढला. पोरांकडे तोंड करून बोलत होते आणि हात मागे आपोआप चालत होता. रेघ येऊन बरोबर पहिल्या ठिपक्याला मिळाली. गुरुजींना गावचा नाला काढायला तीन दिवस लागत. ते फटीपासून बाजूला झाले आणि तिसरीच्या पोरांवर उगाचच खेकसले, "पाढे म्हना!"

पण पाढे कोण म्हणणार? तिसरीची सगळी पोरं माना वळवून तट्ट्याकडे कान लावून बसली होती. पलीकडे निजाम मास्तर गोष्ट सांगत होते.

"हा खालचा किनारा पाहा," मास्तर म्हणत होते. "अठराशे दोन साल. हा किनारा तोवर कोणत्याच नकाशात नव्हता. इकडून, पश्चिमेकडून, एक इंग्रज कप्तान किनारा मोजत येऊन राह्यला. तिकडून, पूर्वेकडून, एक फ्रेंच कप्तान तोच किनारा मोजत येऊन राह्यला. एकाले दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि दोघांच्या देशांची लढाई चालू! एक दिवस समोरून शीड दिसलं. इंग्रजानं तोफा तयार केल्या. जवळ गेले, तर तोही आपल्यासारखाच मोजणीदार. मग इंग्रज होडीत बसून त्याच्या जहाजावर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेला. तुम्ही काय पाहिलं, आम्ही काय पाहिलं, सगळं एकमेकांले सांगतलं. आणि आपापल्या वाटेनं गेले. ज्या उपसागरात ते भेटले, त्याले इंग्रजानं ना स्वतःचं नाव दिलं, ना आपल्या राजाचं. भेटीचं नाव दिलं. एन्काउंटर बे. भेटीचा उपसागर."

 मग मास्तर हसून म्हणाले, "नंतर एक फ्रेंच अधिकारी इंग्रजाले म्हणाला म्हणे, आम्ही शिंपले वेचत अन् फुलपाखरं धरत बसलो नसतो, तर हा किनारा तुमच्या आधी आम्हीच शोधला असता!"

तट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पोरं खदखदून हसली. गुरुजी हसले नाहीत. सगळ्या गोष्टीत त्यांना एकच माणूस दिसत होता, तो फ्रेंच कप्तान. बिचारा इतक्या लांबून आला, आणि समोरून येणारा सांगतो की हे सगळं माझं मोजून झालं. वरून गोड बोलतो, नकाशा दाखवतो. त्या रात्री त्या माणसाला जेवण गेलं असेल काय? भेटीचा उपसागर म्हणे! नाव ठेवणारा जिंकलेला होता, म्हणून त्याला भेट दिसली. हरलेल्यानं काही वेगळंच नाव ठेवलं असतं.

त्या दिवसापासून पोरांना उपसागराचं वेडच लागलं. गावात पाणी साचलेला प्रत्येक खड्डा उपसागर झाला. शकूरभाईंच्या दुकानापुढच्या डबक्याला 'शिंप्याचा उपसागर' म्हणू लागले, आणि शकूरभाईंनाही त्याचं कौतुक. "मास्तर बडा दिलचस्प आदमी हाय, पंजाबराव," असं ते चिलीम पुढे करत म्हणाले, तेव्हा गुरुजींनी त्या संध्याकाळी चिलीम घेतली नाही.

हे सगळं एक वेळ पचलं असतं. पण पोळा झाल्यावर सरपंच शेषराव स्वतः गुरुजींच्या घरी आले. ग्रामपंचायतीची नवी कचेरी होत होती. तिच्या दर्शनी भिंतीवर गावाचा मोठा नकाशा काढायचा, त्यात नवा तलाव दाखवायचा, आणि दिवाळीनंतर तालुक्याच्या साहेबाच्या हातून उद्घाटन करायचं, असं ठरलं होतं. तलाव अजून कुठल्याच नकाशात नव्हता. सरकारी कागदात त्याला नुसता नंबर होता.

गुरुजी मनातल्या मनात नीळ कालवू लागले होते. तेवढ्यात शेषराव म्हणाले, "निजाम मास्तर काढतो म्हनते. तुमी आता कशाले शिडीवर चढता, गुरुजी? लय वर्सं केलं तुमी."

"हाव," गुरुजी म्हणाले. "लय वर्सं केलं."

शेषराव गेल्यावर पुष्पाबाईनं ताट वाढलं. गुरुजी ताटाकडे पाहत बसले.

"जेवा न आता," ती म्हणाली. "भिंतच तं हाय."

भिंतच तर आहे! या बाईबरोबर तीस वर्षं संसार केला आणि तिला एवढंही कळू नये, याचं गुरुजींना नवल वाटलं. ती भिंत नव्हती. उद्या बांधावरून भांडण झालं, की लोक त्या भिंतीपुढे जाऊन उभे राहणार होते. गुरुजींच्या ओट्यावर कोण येणार होतं? त्यांना मत्सर वाटत होता. तो त्यांना ओळखूही येत होता, आणि तरी तो जात नव्हता. जेवताना यायचा, पाढे शिकवताना यायचा, आणि तट्ट्यापलीकडून हसणं ऐकू आलं की तर छातीवरच बसायचा.

शेवटी त्यांनी ठरवलं, की तलाव आपणही मोजायचा. मास्तरांच्या आधी मोजायचा, आणि शाळेच्या जुन्या भिंतीवर आधी काढायचा. साहेब आला की त्याला दोन्ही भिंती दिसतील, मग पाहू. ते पूर्वेकडून सुरू झाले. ती बाजू कठीण होती. बाभळीचं रान, घसरडी टेकडी, आणि टेकडीच्या मागे गोजरबाईचं तीन एकराचं वावर. गोजरबाई विधवा होती, एकटीनं शेती करायची. गुरुजी रविवारी दोरी घेऊन येताना दिसले की ती पाण्याचा तांब्या बांधावर आणून ठेवायची. दोन रविवारांत गुरुजींनी पूर्वेची सगळी कड मोजली. टेकडीच्या मागे पाणी जेमतेम चाळीस पावलं आत आलं होतं, एक लहानसा वळसा. गोजरबाईच्या बांधापासून ते चांगलं लांब थांबलं होतं. वहीत त्यांनी तसंच लिहिलं.

उरलेली उत्तर बाजू त्यांनी दसऱ्याच्या दिवशी धरली. शाळेला सुट्टी होती आणि गाव संध्याकाळच्या सोन्याच्या तयारीत होतं. दुपारी दोनच्या सुमाराला बाभळीच्या रानातून बाहेर पडून ते तलावाच्या टोकाशी आले, आणि समोरून, पश्चिमेच्या कडेने, लोखंडी साखळी खणखणत आली. साखळीच्या एका टोकाला हायस्कुलातली दोन पोरं होती आणि दुसऱ्या टोकाला निजाम मास्तर, गळ्यात होकायंत्र.

दोघंही थांबले. पळून जायला जागा नव्हती. एका बाजूला पाणी, एका बाजूला काटे.

मास्तरांचा चेहरा उजळला. ते भराभर पुढे आले, खिशातून आपट्याची पानं काढून त्यांनी गुरुजींच्या हातात ठेवली आणि वाकून पायाला हात लावला. "सोनं घ्या, गुरुजी. संध्याकाळी घरी येनारच होतो. पन आजच्या दिवशी तुमी इथं भेटले, हे लय चांगलं झालं."

"सोन्यासारखे राहा," गुरुजी म्हणाले. आपट्याचं पान त्यांच्या तळहाताला टोचलं.

मग मास्तर सावलीला बसले आणि त्यांनी आपली वही सरळ उघडून गुरुजींपुढे ठेवली. पश्चिमेचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक वाकण. आकडे सुबक, बाजूला बारीक रेखाटन. गुरुजींनी पानं उलटली. त्यांना कुठेतरी चूक हवी होती. पाचव्या पानापर्यंत ती सापडली नाही, आणि सहावं पान त्यांनी उलटलंच नाही.

"मले पूर्वेची बाजू राह्यली," मास्तर म्हणाले. "दिवाळीले गावी जायचं हाय, अम्मीची तब्येत बरी नाही. आल्यावर रंगवायले आठ दिवसही भेटत नाही. तुमी तिकडून मोजत आले न? तुमचे आकडे मले सांगान काय, गुरुजी? तुमचे आकडे म्हनजे मले परत मोजाचं काम नाही."

गुरुजींनी वही छातीशी धरली आणि एकेक आकडा वाचायला सुरुवात केली. पहिले सगळे खरे वाचले. टेकडीपाशी आले आणि थांबले. त्यांनी असा काही बेत घरून आणलेला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण तिथे बसल्या बसल्या त्यांना कचेरीची भिंत दिसली, साहेब दिसला, गोजरबाईच्या ज्वारीत भरलेलं निळं पाणी दिसलं, आणि ते पाहून पोट धरून हसणारं सगळं गाव दिसलं. गोजरबाईच्या ज्वारीत समुंदर! बी.ए., बी.टी.!

"टेकडीच्या मांगं पानी आत घुसलं हाय," ते वहीत पाहत म्हणाले. "तीनशे पावलं लांब. सव्वाशे रुंद."

"बाप्पा!" मास्तर म्हणाले. "एवढं?"

"एवढं."

मास्तरांनी ते लिहून घेतलं. पोरांकडे वळून हसले आणि म्हणाले, "पाह्यलं काय बे? खरोखरचा उपसागर हाय आपल्या गावात."

त्यानंतरचा महिना गुरुजींना फार सुखाचा गेला. त्यांनी शाळेच्या भिंतीवर काही काढलं नाही. शकूरभाईंबरोबर पुन्हा चिलीम ओढली. पुष्पाबाईला वाटलं, सुटलं एकदाचं भूत. दिवाळीनंतर मास्तर परत आले आणि कचेरीच्या भिंतीला पोत्याचा पडदा लावून आत रंगवत बसले, तेव्हा गुरुजी मुद्दाम तिकडून जायचे आणि विचारायचे, "कसं काय, मास्तर? होऊन राह्यलं न बराबर?" आतून आवाज यायचा, "तुमच्या किरपेनं, गुरुजी!"

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. साहेबांनी दोरी ओढली, पोत्याचा पडदा खाली आला, आणि लोकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. नकाशा सुंदर होता. एवढा सुंदर, की गुरुजींना क्षणभर आपला बेतही आठवला नाही. वाटा, बांध, विहिरी, मारुतीचं देऊळ, मशीद, आणि वर उत्तरेला निळा तलाव. तलावातून पूर्वेकडे एक जाडजूड निळी जीभ निघून थेट गोजरबाईच्या वावरात शिरली होती. तिच्यावर ठळक देवनागरीत लिहिलं होतं: पंजाबराव उपसागर.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

मास्तर लोकांपुढे उभे राहून सांगत होते, "दसऱ्याच्या दिवशी आमची तिथं भेट झाली. मी अर्धा तलाव मोजला होता, अर्धा गुरुजीनं. आपल्या वहीतली सगळी मोजनी त्यायनं मले वाचून दाखोली. बावीस वर्सं या गावाचा नकाशा त्यायनं काढला, पन त्यात कुठीच त्यायचं नाव नाही. म्हनून या उपसागराले मी गुरुजीचं नाव दिलं."

टाळ्या पडल्या. साहेबांनी गुरुजींच्या गळ्यात हार घातला. शकूरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकं त्याच वेळी, गुरुजींनी महिनाभर ज्याची वाट पाहिली होती, ते मागून आलंच. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, पन गोजरबाईच्या वावरात पानी कुठी हाय? तिथं तं जवारी उभी हाय!"

दोघं-चौघं हसले. हसणं पसरणार, एवढ्यात सगळ्यांचे डोळे गुरुजींकडे वळले. नाव त्यांचं होतं. हसायचं तर आता त्यांनाच हसायला लागणार होतं.

"गुरुजी?" मास्तरांनी हळू विचारलं. "पानी हाय न तिथं?"

गळ्यातला हार थंडगार लागत होता. गुरुजींनी डोळे मिटले, जसे ते ओट्यावर मिटायचे, आणि म्हणाले, "आज नाई. सांडव्यावर फळ्या टाकून पानी अडोलं का चढंन. कुठवर चढंन, ते म्या मोजलं."

सगळ्या गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघाला. हसणारे गप्प झाले. "पाह्यलं?" कुणीतरी त्या पहिल्याला दटावलं. "गुरुजी पुढचं मोजून राह्यले, आन तू हसून राह्यला!"

बायकांच्या घोळक्यातून गोजरबाई पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं निळ्या जिभेवर बोट ठेवलं. "हे माहं वावर काय, गुरुजी?"

"हाव."

"मंग कधी चढंन पानी?"

साहेब पाहत होते. शेषराव पाहत होते. "फळ्या टाकल्यावर," गुरुजी म्हणाले. "पंधरा-वीस दिवस."

गोजरबाईनं मान हलवली आणि ती मागे गेली. गुरुजींनी त्या संध्याकाळी हार खुंटीला टांगला आणि पुष्पाबाईला भिंतीवरचं नाव तीन वेळा सांगितलं. लाज वाटली नाही असं नाही. पण नाव मोठ्या अक्षरात होतं, आणि गोड लागत होतं. उद्या-परवा सांगू काहीतरी, असं ते स्वतःला म्हणाले. उद्या झाला, परवा झाला, आणि प्रत्येक दिवशी रस्त्यात कुणीतरी हात जोडून म्हणायचं, "काय गुरुजी, तुमचा उपसागर काय म्हनते?"

चौथ्या दिवशी, रविवारी, पुष्पाबाई सकाळीच पदर खोचून विळा शोधू लागली.

"कुठी निंगाली?" गुरुजींनी विचारलं.

"गोजरबाईकडे. जवारी कापून राह्यली ती."

"आताच? दाना दुधात असंन अजून!"

"असू द्या न दुधात. पान्याखाली जायापेक्षा कडबा तरी येईन हाती, म्हनते. दोन दिवसापासून एकटी कापून राह्यली." पुष्पाबाईला विळा सापडला. "शेजारचे म्हनले तिले, थांब, पाह्य जरा. तं म्हनते, गुरुजीनं सांगतलं, आता काय पाह्याचं?"

गुरुजी अनवाणीच निघाले. टेकडी चढताना दोनदा घसरले. वर पोचले तर खाली तलाव होता तिथेच, चाळीस पावलांच्या वळशात निवांत पडलेला, आणि अलीकडे गोजरबाईचं वावर अर्धं मोकळं झालेलं. ज्वारीची हिरवी ताटं आडवी पडली होती. वावरात ती एकटी नव्हती. निजाम मास्तर बाह्या वर करून कापत होते, हायस्कुलातली दहा-बारा पोरंही होती. आपण नकाशात पाणी दाखवलं आणि या बाईचं पीक चाललं, या विचारानं मास्तर पहाटेच येऊन लागले होते.

"थांबा!" गुरुजी ओरडले. "गोजरबाई, थांबव. कापू नोको. पानी येत नाई."

सगळे उभे राहिले.

"येत नाई म्हनजे?" गोजरबाई म्हणाली.

"येत नाई. कधीच येत नाई. म्या खोटं सांगतलं."

मास्तरांनी विळा खाली ठेवला आणि ते जवळ आले. आवाज खाली करून, पोरांना ऐकू जाणार नाही असा, ते म्हणाले, "मोजण्यात चूक झाली असंन, गुरुजी. होते. मोठमोठ्यायची होते."

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. एक 'हाव' म्हटलं असतं तर झालं असतं. आणि गुरुजींना त्याही क्षणी मास्तरांचा राग आला, की हा माणूस इथेही चांगलाच निघावा. पण खाली आडवी पडलेली ताटं होती. एका ताटाचं कणीस त्यांच्या पायाखाली आलं होतं आणि त्यातला दूधदाणा त्यांच्या बोटांना चिकटला होता.

"चूक नाई," ते म्हणाले. "वहीत बराबर हाय. चाळीस पावलं. तुमाले वाचून दाखोतानी तीनशे केलं."

"काऊन?"

"तुमचं हसू व्हावं म्हनून. भिंत माही होती."

 मास्तरांनी गुरुजींकडे जसं पाहिलं, तसं त्या गावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग ते पोरांकडे वळून म्हणाले, "चला. उभी हाय ते राहू द्या."

"उद्या ही बाजू परत मोजू," गुरुजी त्यांच्या मागे गेले. "मी दोरी घेऊन येतो."

"नको," मास्तर म्हणाले. "मी एकटाच मोजतो."

गोजरबाई कापलेल्या ताटांमध्ये बसली होती.  शेजारी पुष्पाबाई विळा हातात घेऊन उभी होती आणि नवऱ्याकडे पाहत नव्हती. त्याच दुपारी पुष्पाबाईनं घरातली ज्वारी बैलगाडीत घालून गोजरबाईकडे पोचवली, गुरुजींना न विचारता. विचारायचं काही उरलंही नव्हतं.

सोमवारी सकाळी गुरुजी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन कचेरीपुढे गेले. बातमी त्यांच्या आधीच गावभर पोचली होती, त्यामुळे लोक जमले होते. पायरीवर गोजरबाई बसली होती. गुरुजींनी शिडी लावली. ते वर चढून नावापाशी कुंचा नेणार, एवढ्यात ती खालून म्हणाली, "पानी पुसा. नाव राहू द्या."

"गोजरबाई—"

"राहू द्या. कोनी इचारलं का बाई, तुयी अर्धी जवारी कुठी गेली, तं मले बोट ठेवून दाखोता येईन."

कुणी तिला समजावलं नाही. गुरुजींनी निळी जीभ टोकापासून पुसायला घेतली. एकदा हात मारून नीळ जाईना, खालून डोकवायची. दोनदा, तीनदा मारावा लागला. कुंचा पश्चिमेच्या कडेला लागू नये म्हणून ते जपत होते. ती कड मास्तरांची होती. प्रत्येक वाकण जिथल्या तिथे होतं. चुन्याचे हात घेऊन शिडीवर उभ्या उभ्या गुरुजी ती कड पाहत राहिले, आणि त्या वेळीसुद्धा त्यांना तिचा हेवा वाटला. मग त्यांनी खालचं वावर काजळीच्या बांधानं पुन्हा आखलं. कोरड्या पांढऱ्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं राहिलं, पंजाबराव उपसागर.

ते उतरले, हात धुतले आणि आत गेले. सरपंच शेषराव कागद पाहत बसले होते.

"पुसलं," गुरुजी म्हणाले. "बांध बराबर करून देल्ला."

"बरं झालं," शेषराव म्हणाले. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या कोतवालाला हाक मारली.

"किसन, जाऊन पाह्य बरं, पुसलं काय ते."